का म्हणजे काय

गणिताची भीती मुलांच्या मनात आपोआप उगवत नाही. तिच्यासाठी इमारत लागते, घंटा लागते आणि प्रशिक्षित माणसं लागतात. नागपुरात लकडगंजच्या लोकमंगल विद्यालयाकडे ही तिन्ही साधनं होतीच, वर एक चौथंही होतं. शाळेच्या तिन्ही अंगांना आरामशिनी होत्या. (या नावातल्या आरामाचा त्या मशिनीच्या आवाजाशी काडीचाही संबंध नाही.) सागाचे ओंडके चिरताना कडेच्या ज्या पट्ट्या निघत त्या मशीनवाले शाळेला धर्मादाय म्हणून देत, आणि शाळा त्यांचा विनियोग निव्वळ शैक्षणिक कार्यासाठी करी. त्यामुळे इतर शाळांत प्रेरणेचा जो कायमचा तुटवडा असतो, तो इथे कधी जाणवला नाही. त्या काळी विद्यार्थ्याची प्रेरणा साधारण दीड हात लांब असे आणि ती नेहमी बाहेरून येई.

गणिताचे शिक्षक शरच्चंद्र पांढरीपांडे स्वतः अशाच प्रेरणेतून घडले होते. 'उणे गुणिले उणे अधिक' हा नियम त्यांच्या मास्तरांनी त्यांना एका तळहातावर एक आणि दुसऱ्या तळहातावर एक, असा सप्रयोग शिकवला होता. नियम पक्का बसला. पुढे ते बी.एस्सी. झाले, बी.टी. झाले, बावीस वर्षं शिकवत राहिले. पण उणे गुणिले उणे अधिकच का होतं, उणेच का होत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही कुणाला विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती. आठवीच्या पुस्तकात 'याचे कारण पुढील इयत्तेत येईल' असं छापलेलं होतं आणि नववीच्या पुस्तकात 'हे आपण मागील इयत्तेत पाहिलेच आहे' असं. ते कारण मधल्या उन्हाळ्याच्या सुटीत येऊन गेलं असावं, अशी सरांनी आपली समजूत घालून घेतली होती. (नागपूरच्या मे महिन्यात दुपारी दाराशी कोण येऊन गेलं हे कुणालाच कळत नाही.)

सर भले गृहस्थ होते. मुलांवर माया करत, आणि उणे गुणिले उणेचा धडा दरवर्षी जेवणाच्या सुटीच्या अगदी आधीच्या तासाला घेत. तासाच्या शेवटी नियम सांगायचा, लगेच घंटा व्हायची, आणि ज्याच्या पोटात शंका असेल त्याच्या पोटात त्याहून मोठी भूकही असायची. बावीस वर्षं हा बंदोबस्त चोख चालला.

१९६९ साली शाळा उघडली आणि वरून एक परिपत्रक आलं. 'वरून' म्हणजे नेमकं कुठून, हे आमच्याकडे विचारायची पद्धत नाही. परिपत्रकात म्हटलं होतं, की विद्यार्थ्याची प्रेरणा बाह्य नसून आंतरिक असावी; त्याने आपल्या अध्ययनाचे नियमन आपणच करावे; आणि याची अंमलबजावणी सर्व विद्यार्थ्यांकडून सक्तीने करून घ्यावी.

हेडमास्तर विश्वनाथपंतांच्या पणजोबांनी भोसल्यांच्या दफ्तरात कारकुनी केली होती. आलेला हुकूम काना-मात्रेसकट पाळायचा आणि त्याचा अर्थ लावायच्या फंदात पडायचं नाही, हे त्या घराण्याचं वळण. त्यांनी त्याच दिवशी अंमलबजावणी सुरू केली. प्रेरणा आतून येणार असल्यामुळे बाहेरच्या सर्व प्रेरणा गोळा करून आतल्या कपाटात ठेवण्यात आल्या आणि कपाटाची किल्ली पंतांनी जानव्याला बांधली. हजेरीच्या वेळी 'हजर' म्हणणं बंद झालं. हजर राहण्यात कसली आली प्रेरणा? बैलही हजर असतो. यापुढे मुलांनी 'प्रेरित' म्हणायचं ठरलं. योजनेचं यश पहिल्याच महिन्यात दिसलं. आठवी ब मधला लहानू गोवर येऊन महिनाभर घरी पडून होता, पण त्याच्या शेजारच्या मुलाच्या सौजन्याने तो एक दिवसही प्रेरित झाल्यावाचून राहिला नाही.

परंतु परिपत्रकाचा आत्मा होता कलम चार (ब) मध्ये. ते असं: 'गणित सोडविताना विद्यार्थ्याने प्रत्येक पायरीनंतर स्वतःस "का?" असा प्रश्न विचारावा व त्याचे उत्तर स्वतःच द्यावे.'

वाक्य सुंदर आहे. त्यात चूक काढायला जागा नाही, आणि ज्यांनी ते लिहिलं ते पुण्याचे असल्यामुळे त्यांनी ती शोधलीही नसणार. पुण्यात 'का'चा अर्थ 'का' असा होतो. नागपुरात 'का'चा अर्थ 'काय' असा होतो. इथे माणूस भेटला की 'का म्हणता?' असं विचारतो, म्हणजे 'काय म्हणता?', शेजारी भांडी पडली की बाई 'का झालं वं?' म्हणते, म्हणजे 'काय झालं?'. पुण्याला जे 'का' म्हणायचं असतं, त्यासाठी इथे 'काहून' असा वेगळा, भरभक्कम शब्द आहे. पण तो शब्द शाळेत वापरायला बंदी होती. मुख्य दारावर 'शुद्ध बोला' अशी पाटी होती, आणि ज्याच्या तोंडून 'काहून' बाहेर पडेल त्याने त्या पाटीखाली उभं राहून 'का, का, का' असं दहा वेळा म्हणायचं, असा नियम होता. (त्यामुळे दुपारी शाळेबाहेरून जाणाऱ्या नवख्या माणसाला, आत कावळे पाळले आहेत की काय असं वाटे.)

अशा रीतीने लकडगंजमध्ये आत्मपरीक्षणाला सुरुवात झाली. शरच्चंद्र सरांनी फळ्यावर लिहिलं, पाच गुणिले सात बरोबर पस्तीस. आठवी ब ने एकमुखाने स्वतःला विचारलं, "का?" आणि एकमुखाने स्वतःला सांगितलं, "पस्तीस." त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज. का? एकशेऐंशी अंश. क्ष बरोबर चार. का? चार.

सर नागपूरचेच. घरी पानावर बसले की 'आज का केलं?' असंच विचारणारे. घोटाळा त्यांच्या पहिल्याच मिनिटाला ध्यानात आला. मुलं स्वतःला 'असं कशामुळे?' असं विचारतच नव्हती, ती 'किती म्हणालास?' असं विचारत होती. आता यावर कुणीही प्रामाणिक शिक्षक काय करील? सरांनी पुढचं उदाहरण घातलं. त्यांच्या मनात इतका आनंद झाला, की तो लपवण्यासाठी त्यांना फळ्याकडे तोंड करून उभं राहावं लागलं. साऱ्या वर्गाने दिवसभर 'का' विचारायचं आणि कुणीही कारण मागायचं नाही, अशी योजना त्यांच्या स्वप्नातही आली नव्हती. ती सरकारने घरपोच दिली होती.

आकडेवारी तर डोळे दिपवणारी होती. पूर्वी आठवीच्या तीन तुकड्यांत मिळून वर्षाला सरासरी दोन शंका विचारल्या जात, त्यातली एक 'पाणी प्यायला जाऊ का?' ही असे. आता दर तासाला चारशेच्या वर 'का' पडू लागले, आणि त्यांपैकी शंभर टक्क्यांना तिथल्या तिथे उत्तर मिळू लागलं. पंतांनी हे आकडे वर पाठवले. विदर्भातल्या इतर शाळांनीही पाठवले. विदर्भाचा विद्यार्थी अत्यंत जिज्ञासू असल्याचा अहवाल वर छापायला गेला.

सरांनी या भरात एकच चूक केली. त्या वर्षी त्यांना वाटलं, आता भ्यायचं कशाला? म्हणून तो धडा त्यांनी जेवणाच्या सुटीआधी न घेता सकाळी पहिल्याच तासाला घेतला. फळ्यावर लिहिलं, उणे तीन गुणिले उणे चार बरोबर अधिक बारा.

"का?" वर्गाने विचारलं. "बारा," वर्गाने सांगितलं.

मुलींच्या शेवटच्या बाकावरून सिंधू रामटेके उठली. धम्मदीक्षेच्या साली जन्मलेली, मिलमध्ये रंगखात्यात काम करणाऱ्या देवराव रामटेक्यांची मुलगी. इतर मुलींना गणित आवडत नसे आणि त्या ते करत. सिंधूला गणित आवडे आणि म्हणून ते तिच्याने पुढे सरकत नसे. एखाद्या ओळीपाशी ती अडली की जेवायला हाक मारली तरी उठायची नाही.

"काहून जी?" ती म्हणाली.

सरांनी घड्याळ पाहिलं. घंटेला पाऊण तास होता. त्यांनी घसा साफ केला आणि सांगितलं, की असा शब्द मराठीत नाही, शुद्ध विचार. सिंधूने शुद्ध विचारलं, का? "बारा," सगळा वर्ग म्हणाला. ती म्हणाली, तसं नाही. सर म्हणाले, मग कसं? ती म्हणाली, मले काहून विचाराचं आहे. सर म्हणाले, ते अशुद्ध आहे. तिने पुन्हा शुद्ध विचारलं. "बारा," वर्ग पुन्हा म्हणाला, या खेपेला जरा दयेने. असं ते पाऊण तास चाललं, आणि घंटा झाली तेव्हा वर्गातला प्रत्येक जण तीन चोक बारा जन्मभर विसरणार नाही इतका तयार झाला होता.

प्रकरण पंतांकडे गेलं. पंतांनी न्यायबुद्धीने विचार केला. काहून हा शब्द अशुद्ध, सबब तो प्रश्न झालाच नाही. का हा शब्द शुद्ध, तो रीतसर विचारण्यात आला आणि त्याचे उत्तर रीतसर देण्यात आले, सबब प्रश्न शिल्लक नाही. राहता राहिली गोष्ट मुलीची. कलम चार (ब) प्रमाणे प्रश्न स्वतःला विचारायचा असतो. ही मुलगी सरांना विचारते. म्हणजे तिच्यात सगळं असेल, पण 'स्वयं' नाही. नववीत मुलांना गणित आणि मुलींपैकी ज्यांना झेपेल त्यांना गणित, बाकीच्यांना गृहशास्त्र, अशी तेव्हाची वाटणी होती. पंतांनी सिंधूच्या नावापुढे गृहशास्त्र लिहिलं. त्यावर शरच्चंद्र सरांची सही लागत होती, ती त्यांनी दोन दिवसांनी करतो म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी देवराव रामटेके पाळी सुटल्यावर तसेच शाळेत आले. हातांना निळा रंग होता, म्हणून त्यांनी ते पाठीमागे धरले होते. सरांनी त्यांना योजना समजावून सांगितली. आंतरिक प्रेरणा, स्वयंनियमन, सगळं. देवरावांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मास्तर, घरी बी हेच चालते तिचं," ते म्हणाले. "जेवता जेवता काहून, झोपता झोपता काहून. मले सांगता येत असतं तं मीच सांगतलं असतं नं जी. येत नाही म्हणून तं तुमच्याकडे पाठवली."

बावीस वर्षांत आपल्याशी कुणी इतकं स्वच्छ बोललं नव्हतं, आणि आपण स्वतःला इतके खोटे कधी वाटलो नव्हतो, हे त्यांना तिथल्या तिथे जाणवलं. त्यांनी देवरावांना चहा घ्या म्हणून आग्रह केला. देवराव म्हणाले, चहा नको, पोरीचं गणित तेवढं राहू द्या.

त्याच आठवड्यात वरचे साहेब योजना पाहायला आले. केळुसकर त्यांचं नाव. कलम चार (ब) यांनीच लिहिलं होतं. माणूस विद्वान, मृदू, नागपूरच्या उन्हाला घाबरून थर्मासमध्ये ताक घेऊन हिंडणारा. विदर्भाने आपलं कलम इतकं मनावर घेतलं म्हणून त्यांचं मन भरून आलं होतं. पंतांनी त्यांना आठवी ब मध्ये नेलं आणि सिंधूला नकाशा टांगायच्या लाकडी घोडीमागे बसवलं.

साहेबांनीच प्रश्न घातला. "मुलांनो, उणे तीन गुणिले उणे चार?"

"बारा."

"शाबास. का?"

"बारा."

"बरोबर, बारा. पण का?"

साहेबांना कमी ऐकू येतं हे मुलांच्या लक्षात आलं. मुलं मनाने चांगली होती. ती सगळी उभी राहिली आणि छाती भरून ओरडली, "बारा!" शेजारची आरामशीन बंद पडली आणि तिच्यावरची माणसं कुंपणाशी येऊन पाहू लागली. साहेबांनी थर्मासचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

"साहेब, मले बी तेच विचाराचं हाय," घोडीमागून, नकाशावरच्या छत्तीसगडच्या साधारण दक्षिणेकडून, आवाज आला. "काहून?"

साहेबांनी विचारलं, ती मुलगी काय म्हणाली? पंत म्हणाले, स्थानिक शब्द आहे साहेब, अशुद्ध आहे, त्याला अर्थ नसतो. साहेब शरच्चंद्र सरांकडे वळले.

सरांपुढे दोन वाटा होत्या. एका वाटेवर सही, शांतता आणि निवृत्तीपर्यंतची दहा वर्षं होती. दुसऱ्या वाटेवर काय होतं हे त्यांना माहीत नव्हतं, फक्त पाठीमागे धरलेले निळे हात दिसत होते.

"काहून म्हणजे का, साहेब," सर म्हणाले.

"असं होय. मग हा वर्ग का म्हणतो, ते?"

"का म्हणजे काय."

"तेच विचारतोय मी. का म्हणजे काय?"

"हो साहेब."

"हो काय?"

"का."

इथे पंतांनी मध्ये पडून साहेबांना पाणी दिलं. सरांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. पुण्याचे 'काय' म्हणजे नागपूरचे 'का'. पुण्याचे 'का' म्हणजे नागपूरचे 'काहून'. साहेबांनी त्या दोन ओळी दोनदा वाचल्या. विदर्भातल्या सगळ्या शाळांतली मुलं जूनपासून स्वतःला दर तासाला चारशे वेळा काय विचारत होती, हे हळूहळू त्यांच्या लक्षात येत गेलं. अहवाल तर छापून आला होता, वर त्याला कापडी बांधणी होती.

सिंधूला यातलं काही नको होतं. ती घोडीमागून बाहेर आली. "मंग साहेब, काहून?"

साहेब कनवाळूपणाने म्हणाले, की बाळ, हा प्रश्न नववीत आहे. तेव्हा शरच्चंद्र सर ज्या आवाजात बोलले तो त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "साहेब, नववीलाही मीच शिकवतो. त्या पुस्तकात लिहिलंय, की हे आठवीत झालंच आहे."

पंतांनी परिस्थिती सावरण्यासाठी सांगितलं, की या मुलीची गृहशास्त्राकडे रवानगी होतच आहे. ती प्रश्न दुसऱ्यांना विचारते, तिच्यात स्वयं नाही.

"मी स्वतःलेच विचारून राहिली होती जी," सिंधू म्हणाली. "तुम्ही सगळे मधात ऐकून राहिले, त्याले मी का करू?"

साहेबांनी मनात ते वाक्य कलम चार (ब) शी ताडून पाहिलं. मुलीने प्रश्न स्वतःला विचारला होता. मुलीने कारणच विचारलं होतं. साऱ्या विदर्भात त्यांचं कलम नेमकं पाळणारी व्यक्ती ही एकटीच, आणि तिला आपण स्वयंपाकाला धाडत आहोत. साहेब म्हणाले, मुलीचं गणित राहील. मात्र कलमाचा दुसरा अर्धाही पाळला गेला पाहिजे: उत्तरही तिनेच स्वतःला द्यायचं. वार्षिक परीक्षेपर्यंत दिलं तर गणित, नाही तर गृहशास्त्र. एवढा न्याय करून ते ताक न पिताच स्टेशनकडे गेले.

पुढच्या महिन्यात दुरुस्तीचं पत्रक आलं: 'विदर्भ विभागात "का?" ऐवजी "काहून?" असे वाचावे.' पंतांची मोठी पंचाईत झाली. 'शुद्ध बोला'ची पाटी काढायचा हुकूम आला नव्हता, त्यामुळे मुलांनी प्रत्येक पायरीला काहून म्हणायचं आणि म्हटल्याबद्दल पाटीखाली जायचं, अशी दुहेरी अंमलबजावणी करावी लागली. तरी मुलं तरबेज. त्यांनी आठवड्यात नवीन उत्तरही बसवून टाकलं. उणे गुणिले उणे अधिक. काहून? नियम आहे म्हणून. आकडेवारी पुन्हा शंभर टक्क्यांवर गेली.

सिंधू मात्र तिथेच होती. पुस्तकं चाळून झाली, धंतोलीच्या एका वकिलाच्या मुलाला विचारून झालं (तो मॅट्रिकला पहिला आला होता, तो म्हणाला, असं विचारशील तर नापास होशील). शरच्चंद्र सरही घरी चोरून कागद काळे करत, आणि दुसऱ्या दिवशी सिंधूकडे बघायचं टाळत. फेब्रुवारी उजाडला. गृहशास्त्राच्या शोभाताईंनी सिंधूसाठी जास्तीची परात मागवून ठेवली.

शनिवारी सकाळी मैदानावर भैयाजी कवायत घेत. भैयाजी फौजेत होते, त्यामुळे शाळेतली एवढीच एक गोष्ट हिंदीत होत असे. "पीछे मुड!" भैयाजी ओरडले. तीनशे मुलांनी शाळेकडची तोंडं आरामशिनीकडे केली. भैयाजींना कुणाचं तरी चुकलेलं दिसलं. "पीछे मुड!" ते पुन्हा ओरडले. तीनशे तोंडं परत शाळेकडे झाली.

आणि तिसऱ्या रांगेत सिंधू रामटेके हसू लागली. आधी गालात, मग तोंडावर हात ठेवून, मग तो हातही पुरेना. भैयाजींनी सावधान म्हटलं तर ती आणखी हसली. फौजेत याला काय शिक्षा आहे हे सांगून भैयाजींनी कॉलर नाही आणि वेणी धरता येत नाही म्हणून तिला नुसतीच पुढे घालून पंतांच्या खोलीत नेली. शरच्चंद्र सर तिथेच बसले होते. परीक्षा जवळ आली म्हणून त्या दिवशी पंतांनी त्यांच्यापुढे सहीचा कागद पुन्हा ठेवला होता.

पंतांनी कठोर आवाजात हसण्याचं कारण विचारलं.

"सर, तुम्ही उभे राहा नं," सिंधू पंतांना म्हणाली. तिला अजून धाप लागली होती. "दाराकडे तोंड करा. हां. आता उणे म्हणजे पीछे मुड."

पंत आयुष्यभर हुकूम पाळत आलेले. ते वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ती म्हणाली, अजून एक उणे हाय, अजून पीछे मुड. पंत परत वळले. आता कुठं पाहून राहिले तुम्ही? दाराकडे, पंत म्हणाले. आता चार पावलं, तीनदा टाका. पंतांनी चार पावलं टाकली, आणखी चार टाकली. खोली तेवढीच होती. शेवटची चार त्यांनी बाहेर व्हरांड्यात टाकली आणि मुख्य दाराशी जाऊन थांबले. बारा पावलं, आणि तीही पुढे.

"दोनदा तोंड फिरवलं की माणूस समोरच पाहते," सिंधू म्हणाली. "म्हणून अधिक. दुसरं होऊनच नाही शकत."

खोलीत शरच्चंद्र पांढरीपांडे केव्हा उठले हे कुणाला दिसलं नाही. ते टेबलाच्या बाजूला, पन्नाशीकडे झुकलेला माणूस जितक्या सावकाश वळेल तितक्या सावकाश, एकदा वळले, दुसऱ्यांदा वळले, आणि समोर सिंधू उभी होती. त्यांचे डोळे भरून आले. दोन्ही तळहात त्यांनी एकमेकांवर घासले. मग टेबलावरचा कागद उचलून, त्यावर सही न करता, त्याचे चार तुकडे केले.

व्हरांड्यातून पंतांचा आवाज आला. असा आवाज त्यांच्या घराण्यात भोसल्यांच्या काळापासून कुणी काढला नसेल. "अरे, हे आम्हाले काहून नाही सांगितलं कोणी?"

पंत त्या वेळी नेमके 'शुद्ध बोला'च्या पाटीखाली उभे होते. नियम नियमच असतो. पंतांनी खाली मान घातली आणि स्वतःहून, कुणी प्रेरणा न देता, दहा वेळा 'का' म्हटलं.

नववीच्या पहिल्या दिवशी सिंधू गणिताच्या वर्गात पुढच्या बाकावर होती. तिने उन्हाळ्यात एक नवीन शंका काढून ठेवली होती. सरांनी सवयीने घड्याळ पाहिलं. घंटेला वेळ होता. मग ते हसले, खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "मले बी माहीत नाही सिंधू. पाह्य, दोघं मिळून शोधू." ते दोघं पुढे बरेच दिवस शोधत होते असं ऐकतो.

इथवर वाचून आपण मान डोलावली असेल. एखाद्याने आजूबाजूला कुणी नाही असं पाहून खुर्चीवरून उठून दोनदा वळूनही पाहिलं असेल. आनंद आहे. आता सिंधूची ती दुसरी शंका तेवढी ऐकून ठेवा. अपूर्णांकाने भागायचं असलं, की तो अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. हे आपण सगळे लहानपणापासून करत आलो, मार्क मिळवले, पोरांनाही असंच शिकवलं, न शिकणाऱ्याच्या पाठीत धपाटेही घातले. काहून?

पुढच्या इयत्तेत येईल, असं कृपया म्हणू नका. आपल्याला आता पुढची इयत्ता नाही.